उजवीकडं ओढणारा छकडा

शंकरपटात बैल जिंकतो, असं म्हणायची आमच्याकडं रीत आहे. म्हणोत बापडे. बैल पळतो, पण तो सरळ पळेल की भेलकांडेल, हे ठरतं मागच्या छकड्यावर. आमच्या छकड्यावर कासरा धरून मीच बसलो होतो आणि तो छकडा जमवणारा माझा बा होता, म्हणून हे मी छातीठोक सांगू शकतो. अकोल्याला सरकारी कचेरीत सारी नोकरी काढली, पेन्शनीत निघालो, तरी पटाचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. मुलगा म्हणतो, "बाबा, सोडून द्या ना आता." मी कुठं धरून ठेवलंय? तेच मला सोडत नाही.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला. संक्रांत झाली की पाटलाच्या मोकळ्या वावरात पट भरायचा. दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटायच्या, मधे चुन्याची रेघ, आणि रेघ ओलांडणारी जोडी बाद. शेवटी जी जोडी उरेल तिच्या मालकाला पाटील मारुतीच्या पारासमोर उभं करायचा आणि साऱ्या गावादेखत आपल्या हातानं त्याच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधायचा. मग त्या माणसाला वर्षभर कोणी नावानं हाक मारत नसे, पटवाला म्हणत.

बाचा आणि पटाचा संबंध जुना, पण वेगळा. पळण्याची वाट दरवर्षी आमच्या मोहल्ल्यानं तयार करायची, हे गावकीचं काम होतं. दगड वेचायचे, ढेकळं फोडायची, पाणी शिंपून माती दाबायची. आणि पट सुरू झाला की लांब बाभळीखाली जाऊन उभं राहायचं. छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, बौद्ध झालो. परत आल्यावर बानं गावकी सोडली आणि पाटलाला जोहार घालणंही सोडलं. पाटील तोंडावर काही बोलला नाही. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि इथं तर सुंभही पुरता जळाला नव्हता.

पुढच्या दिवाळीत बा जेवता जेवता म्हणाला, "मले तो फेटा पायजे."

माय म्हणाली, "मंग बाजारातून आणा ना एखांदा."

"बाजारातला नाही. त्याच्या हातचा."

माय हातातली भाकर तव्यावर टाकायची विसरली. ज्या हातानं आजवर आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, तो हात बाला आपल्या डोक्यावर पाहिजे होता. एवढीच त्याची मागणी होती. पुढचे दोन-अडीच महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

उजवा बैल घरचाच होता, काळ्या तोंडाचा, ताकदीचा आणि जरा तापट. डावा चांदूर बाजारातून आणला, अंगानं हलका पण पायाचा चपळ. जुनी बंडी मोडून तिच्या लाकडाचा छकडा केला. चाकांमधली लोखंडी कांब, जिला आख म्हणतात, ती अमरावतीच्या भंगारातून आणली. छकडा उभा राहिला तेव्हा मला वाटलं, झालं काम. बा म्हणाला, "आता तर सुरू झालं."

पहिल्या दिवशी बैल माना वर करून पळाले. छकडा उलार होता, म्हणजे वजन मागं पडत होतं. त्यामुळं जू वर उचललं जाई आणि बैलांच्या गळ्याला पट्टे काचत. बानं पाचरी ठोकून आख बोटभर मागं सरकवला. मग छकडा पुढं जड झाला, सारा भार बैलांच्या मानेवर आला आणि ते दबून चालू लागले. पुन्हा आख पुढं, केसभर. हे असं रोज चालायचं. मी बसायची जागासुद्धा त्यानं कोळशानं आखून दिली होती, आणि तिथून ढुंगण हललं की मागून शिवी यायची. चाकं डुगडुगत होती, तर गोणपाटाच्या चकत्या एरंडीच्या तेलात भिजवून चाकाच्या तोंडाशी बसवल्या. घट्ट झाल्या तर चाक जड, ढिल्या झाल्या तर डुगडुग. माझा जीव मेटाकुटीला आला होता. बा मात्र चाकाला कान लावून बसायचा आणि मधेच हसायचा.

खरं घोडं पेंड खात होतं जुवापाशी. उजवा ताकदीचा, म्हणून तो पुढं निघे आणि छकडा डावीकडं वळे. मी कासरा ओढून त्याला सरळ करायचो. पण कासरा ओढला की बैलाची उडी तुटते, आणि उडी तुटली की पट गेला. बानं जुवाची दांडीशी असलेली बांधणी मधोमध न ठेवता उजव्याच्या बाजूला सरकवली. त्यामुळं उजव्यावर जास्त भार आला, डाव्याला हलकं झालं आणि दोघं एका रेषेत आले. छकडा सुतासारखा सरळ धावला. मी खाली उडी मारून बाला मिठी मारणार होतो, तेवढ्यात त्यानं दोर सोडला आणि बांधणी आणखी अर्धं बोट उजवीकडं नेली. झालं. आता छकडा उजवीकडं ओढू लागला.

गाडवाटेवर आमचा सराव पाहायला गावातली माणसं यायची. पाटलाचा पुतण्याही यायचा, त्याची स्वतःची जोडी होती. छकडा उजवीकडं झुकत चालला की ते खो खो हसायचे. "सरळ चालवता येत नाही अन् पट मारून राहिले." मला ते लागायचं. एक दिवस मी कासरा टाकून दिला आणि बाला म्हणालो, "लोकायले तमाशा कावून दाखवून राहिला तू? सरळ झाला होता ना?"

बा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सरळ वाटेवर सरळ झाला होता. पटाची वाट सरळ नाही. मधातून डाव्या अंगाले उतार हाय. डोयानं दिसत नाही. पाणी शिंपलं का पाणी तिकडं जाते."

"पाटलाले मालूम हाय?"

"त्याले कसं मालूम राहीन? तो कधी तिथं वाकला नाही."

तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला आणि रागही आला. फुकटात राबून राबून जी वाट त्याच्या पाठीत उतरली होती, तिच्यावरच तो आता मान मागायला निघाला होता. मी कासरा उचलला.

नाव द्यायला गेलो तेव्हा पाटलानं आडकाठी केली नाही. शिवाशिवीविरुद्ध कायदा आला होता, हे एक. दुसरं म्हणजे पुतण्यानं त्याला सांगितलं असणार की हे भेलकांडणारं खोकडं पहिल्याच धावेत रेघ ओलांडतं. गावाला फुकटची करमणूक कोणाला नको असते?

पटाच्या दिवशी ज्या त्या जोडीची मधल्या टप्प्यात तीच गत होत होती. छकडा डावीकडं सरके, हाकणारा कासरा ओढे, बैलाची उडी तुटे. माझ्यावर तिथं कासरा ओढायची वेळच आली नाही. उतार छकड्याला डावीकडं नेत होता, बाची बांधणी उजवीकडं नेत होती, आणि त्या भांडणात आम्ही सरळ चाललो होतो. शेवटची धाव पुतण्याच्या जोडीशी झाली. तीही आम्ही मारली, आणि काठावर नाही, चांगलं दोन कासरे अंतर राखून मारली. आमच्या मोहल्ल्याची माणसं बाभळीखालून धावत आली. बा धावला नाही. त्यानं टोपी काढून खिशात घातली आणि केसांवरून हात फिरवला.

पारासमोर आम्ही उभे राहिलो, मागं बैल. पाटील फेटा घेऊन पायऱ्या उतरला. बा जरासा वाकला. पाटलापेक्षा तो उंच होता, बांधायला सोपं जावं म्हणून वाकला. पाटील त्याच्या शेजारून पुढं गेला, उजव्या बैलापाशी थांबला आणि त्याच्या शिंगांना फेटा गुंडाळू लागला. नीट, घड्या घालून. मग वळून लोकांना म्हणाला, "खरा मान मुक्या जनावराचा हाय. यंदापासून आपल्या पटात फेटा बैलाले."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बैल आमच्याच अंगणात निजायचा, आमच्याच हातचं खायचा, पण त्याच्या शिंगांना हात लावताना पाटलाला काही विटाळ झाला नाही. टाळ्या थांबल्या तरी बा वाकलेलाच होता. मी त्याचं मनगट धरून त्याला सरळ उभं केलं.

घरी येताना मी पाटलाच्या सात पिढ्या उद्धरत होतो. बा म्हणाला, "नवी रीत केली म्हणे त्यानं. आपल्यापासून सुरू झाली. होऊ शकते." वर्षभर तो पाहुण्यारावळ्यांना हेच सांगत राहिला, की फेट्याची नवी रीत आमच्या बैलापासून सुरू झाली. पाटलाचा राग मला एका दिवसात आला होता. बाचा राग वर्षभर येत होता. तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. त्याला ते खरं मानायचं होतं.

दुसऱ्या साली डाव्याच्या खुराला लागलं होतं, म्हणून आम्ही उतरलो नाही. पण बा पाहायला गेला आणि मलाही घेऊन गेला. पट पुतण्यानं मारला. पाटील फेटा घेऊन उतरला आणि पुतण्याच्या डोक्याला बांधला, तुरा काढून. बैल बाजूला कडबा खात उभे होते.

बा गर्दीतून पुढं गेला. "पाटील, बैलाले कावून नाही बांधला?"

पाटलानं त्याच्याकडं पाहिलं. "तुह्या बैलाचा मान केला होता ना? आता अजून काय पायजे तुले?"

कोणीतरी हसलं. बा परत फिरला, घरी आला आणि छकडा मोडून त्याची पुन्हा बंडी केली. रीतीची गोष्ट त्यानं नंतर कोणाला सांगितली नाही.

पुढं मला नोकरी लागली आणि मी दोघांना अकोल्याला आणलं. अकोल्याचं ऊन म्हणजे काय, ते अकोलेकरालाच ठाऊक. बा भर दुपारी बोडक्या डोक्यानं बाहेर निघायचा. टोपी त्यानं त्या पटानंतर पुन्हा घातली नव्हती. माय दुपट्टा घेऊन मागं मागं जायची, म्हणायची, "ऊन लागन, डोक्याले काही बांधा."

बा मागं न पाहता म्हणायचा, "बैलाले बांध."