मिफ्लेहनं टांगलेला पेला

मिफ्लेहसारखा हेकट माणूस जॉर्डनमधल्या आमच्या अख्ख्या करक गावात सापडायचा नाही. माझ्या चपलांच्या दुकानाला लागून त्याचं यंत्रदुरुस्तीचं दुकान, बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईकालाच झापतो. "यंत्र ठीक आहे, तुझी अक्कल बिघडलीय," असं तोंडावर सांगतो. पण काम चोख, ते नाकारून चालायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात गालिब त्याच्याकडे आला. आमच्याच गल्लीतला, भट्टीवर रोट्या भाजतो.

"मिफ्लेहकाका, आमचं वॉशिंग मशीन धुणं झालं की टीं-टीं करतं, ते बंद करून द्या."

"का रे? कान नाजूक झाले वाटतं?"

"माझे नाही. रुदैनाचे."

मिफ्लेहनं हातातला पाना खाली ठेवला. रुदैना गालिबची बायको. तिची पहिली मुलगी जन्मल्यापासून सात आठवडे इस्पितळात काचेच्या पेटीत होती, आणि पेटीजवळचं यंत्र असंच टीं-टीं करायचं. ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत पोर गेली. तेव्हापासून मशीन वाजलं की रुदैना हातातलं टाकून अंगणात पळायची, थंडीत तशीच उभी राहायची.

मिफ्लेहनं त्याच दुपारी मशीन उघडून आवाजाची टिकली काढून टाकली. दहा मिनिटांचं काम. "सुटली बिचारी," मला म्हणाला.

कसली सुटली! चार दिवसांनी मी गालिबच्या आईचे जोडे पोचवायला गेलो. उम्म गालिबला डोळ्यांनी दिसत नाही. धुणं तेवढं तिनं स्वतःकडे ठेवलंय, बाकी सगळं सुनेकडे. म्हातारी गार फरशीवर बसलेली, हात मशीनवर.

"आता वाजत नाही ना, थरथर थांबली की झालं म्हणायचं," ती म्हणाली. "पण मेलं मधेच थांबतं नि परत सुरू होतं. दोन तास हललेच नाहीये. सुनेला सांगू नकोस हं. तिला आधीच काय कमी ताप आहे?"

मी तडक येऊन मिफ्लेहला फैलावर घेतलं. "एकीचं दुखणं काढून दुसरीच्या गळ्यात घातलंस!" तो उठला आणि जुन्या सामानाचं खोकं उपसायला लागला.

तीन दिवस खपून त्यानं जुन्या दारघंटेतली हातोडी काढली, मशीनला जोडली, आणि तिच्यापुढे तारेनं कॉफीचा पेला टांगला. धुणं झालं की तीनदा टिण् टिण् टिण्. आमच्याकडे कॉफी ओतणारा पाहुण्याच्या स्वागताला पेल्यावर पेला वाजवतो, अगदी तसंच.

बसवायला मीही गेलो. म्हातारी कान देऊन बसली. धुणं संपलं, पेला वाजला, आणि मग माझ्या लक्षात आलं. या अल्ला! दुखवट्याच्या घरात पेला वाजवतात का कुणी? पोर गेल्यापासून त्या घरात कॉफी मुकाट ओतली जात होती. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, आम्हा दोन घोड्यांना कळलं नाही. मिफ्लेहचं तोंड पांढरंफटक पडलं.

रुदैना दारात आली. "कोण आलंय?"

म्हातारीच म्हणाली, "कुणी नाही गं पोरी. धुणं झालंय."

रुदैना पेल्याकडे बघत राहिली. मग आत गेली. मिफ्लेह घाईघाईनं तार सोडवायला लागला. "चुकलं माझं, उम्म गालिब, आत्ता काढतो."

रुदैना खोका घेऊन बाहेर आली. आत नवे कोरे पेले, कागदात गुंडाळलेले.

"जुमाना घरी आली की वाजवायचे म्हणून आणले होते," ती म्हणाली. पोरीचं नाव तिच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकलं. "तो काढा, काका. हा लावा."

मग ती रडली, सासूच्या कुशीत, मोठ्यानं. आम्हा दोघांनाही रडू आवरलं नाही, खोटं कशाला बोलू? तरी तार मिफ्लेहनं मला पिळू दिली नाही.

आता त्या घरात धुणं झालं की जुमानाचा पेला वाजतो, आणि सासू-सुना दोघी मिळून कपडे वाळत घालायला गच्चीवर जातात.