दहानंतर आणि चारच्या आत

काकू स्टेशनवर आलेली पहिली गाडी कधी पकडत नसत. प्रिन्स्टन जंक्शनच्या फलाटावर न्यूयॉर्ककडे जाणारी गाडी येऊन उभी राहायची, दारं उघडायची, आत बसायला हवी तेवढी जागा असायची, आणि काकू मांडीवर पिशवी घेऊन बाकावर स्वस्थ बसलेल्या असायच्या. दारं बंद होऊन गाडी निघून गेली की त्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघून समाधानाने मान हलवायच्या. बघणाऱ्याला वाटावं, ती गाडी त्यांनीच रवाना केली.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही गाड्या सोडत होते, पण भीतीने. २००३ सालची गोष्ट. शिकायला अमेरिकेत येऊन मला जेमतेम महिना झाला होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील, म्हणजे अण्णा, मेहकर डेपोला एसटीत कंडक्टर. त्यांच्या साहेबांचा मुलगा वेस्ट विंडसरला राहायचा. त्याने आणि वहिनीने मला घरातली एक खोली दिली होती आणि तिथून मंगळवारी-गुरुवारी मी नेवार्कला कॉलेजात जायचे. पहिल्याच मंगळवारी तिकीटखिडकीतल्या बाईने पीक हवं की ऑफ-पीक असं विचारलं. मी त्यातलं स्वस्त ते मागितलं आणि समोर आलेल्या साडेआठच्या गाडीत बसले. कंडक्टरने तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि हे या गाडीला चालत नाही, वरचे पैसे द्या, असं सांगितलं. तो अगदी सभ्यपणे बोलला. पण दोन-तीन लोकांनी वळून पाहिलं, आणि अण्णांच्या बसमध्ये बिनतिकिटाचे सापडलेले लोक मान खाली घालायचे ते मला आठवलं. ही गोष्ट मी घरी कधीच सांगितली नाही.

म्हणून गुरुवारी मी फलाटावर नुसती उभी होते. कुठल्या गाडीत चढावं ते कळेना, विचारायचा धीर होईना. दोन गाड्या गेल्या. माझ्या हातात मेहकरच्या कापडदुकानाची पिशवी होती, तिच्यावरचं मराठी वाचून बाकावरच्या बाई म्हणाल्या, "तुझीही दहा दहाला पोचणारीच का गं?"

मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं तर पुढे काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिकीट मागितलं. मी काढून दिलं. मग त्यांनी मला शेजारी बसवून जे सांगितलं ते मी आजही कुणालाही झोपेतून उठून सांगू शकेन. ऑफ-पीक म्हणजे गर्दी नसलेल्या वेळेचं जाण्या-येण्याचं तिकीट. कामाच्या दिवशी सकाळी सहा ते दहामध्ये शहरात, म्हणजे न्यूयॉर्कला, पोचणाऱ्या गाड्यांना ते चालत नाही आणि संध्याकाळी चार ते सातमध्ये शहरातून निघणाऱ्या गाड्यांनाही नाही. "सकाळी पोचायची वेळ बघायची, संध्याकाळी निघायची," त्या म्हणाल्या. "इथून सुटते कधी, हे सकाळी विचारायचंच नाही. मी विचारलं आणि फसले."

त्यांची फसगत अशी झाली होती की दहापर्यंत बंदी म्हणजे जंक्शनहून दहानंतर निघायचं, असं त्या समजून बसल्या होत्या. पुढे एकदा वेळापत्रकाच्या मागचा बारीक मजकूर भिंग लावून वाचला तेव्हा उलगडा झाला, की गाडी दहानंतर तिकडे पोचली म्हणजे झालं, इथून ती नवाच्या पुढे केव्हाही सुटली तरी चालते. "आठ महिने, बाई! दर खेपेला एक अख्खा तास इथे बसून घालवला," असं त्या सांगायच्या आणि स्वतःलाच हसायच्या. पण ते हसणं संपता संपता मनगटावरचं घड्याळ चाचपायच्या. एका तासाचं त्यांना इतकं काय वाटतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

काकू नागपूरच्या. तीस वर्षं अमेरिकेत काढूनही गाडी चालवायला शिकल्या नव्हत्या, आणि त्या उपनगरात ज्या बाईला ड्राइव्ह करता येत नाही ती घरात अडकलेली असते. काकू मात्र अडकल्या नव्हत्या. पर्समध्ये घडी घातलेलं वेळापत्रक असायचं, त्यात पीकच्या गाड्यांवर त्यांनी पेन्सिलीने आडव्या रेघा मारलेल्या असायच्या. नवीन वेळापत्रक निघालं की स्टेशनवरून चार-पाच प्रती उचलायच्या, सगळ्यांवर रेघा मारायच्या आणि मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांना वाटून टाकायच्या. आयसेलिनच्या वाणसामानाच्या दुकानात भाजी निवडता निवडता मी त्यांना एका पुण्याच्या आजींची शिकवणी घेताना पाहिलंय. आजींनी तीनदा विचारलं, काकूंनी तीनदा सांगितलं, आणि चौथ्यांदा आजींनी काकूंना उलटं समजावून सांगितलं तेव्हाच दोघी कोथिंबिरीकडे वळल्या.

नियमाच्या बाबतीत त्या कडक होत्या. फलाटावर पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला मुलगा कधीतरी भेटायचा. तो एकदा म्हणाला, "काकू, चारनंतरच्या गाडीतपण चालून जातं यार. कंडक्टर काही बोलत नाही."

"तो बोलत नाही म्हणून चालतं असं नसतं, बाळा," काकू म्हणाल्या. "तो फक्त बोलत नाही."

मुलगा हसला. मला ते वाक्य आवडलं म्हणून मी वहीत लिहून ठेवलं. मला तशी सवय आहे.

मंगळवार-गुरुवार हे त्यांचेही वार होते. जाताना आम्ही तिसऱ्या डब्यात बसायचो, मी नेवार्कला उतरायचे, त्या पुढे न्यूयॉर्कला जायच्या. परतताना साडेतीनला न्यूयॉर्कहून सुटणारी गाडी नेवार्कला पावणेचारच्या सुमारास यायची, आणि तिसऱ्या डब्यात माझ्यासाठी एक जागा पिशवी ठेवून धरलेली असायची. जाताना पिशवी जड असायची, येताना हलकी. डिसेंबरात त्या पिशवीतून डिंकाच्या लाडवांचा वास यायला लागला तेव्हा मी भीत भीत विचारलं, न्यूयॉर्कला कोण असतं?

"लेक," त्या म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि रहवे स्टेशन मागे पडल्यावर उरलेलं सांगितलं.

वैदेही त्यांची एकुलती मुलगी. डॉक्टरकीचं शिक्षण दोन वर्षांनी सोडलं आणि डॅनियल नावाच्या सुताराशी लग्न केलं. काकांनी त्या दिवसापासून तिचं नाव घेतलं नव्हतं. त्या घराशी आपला संबंध नाही, एवढं एकदा बोलले आणि पुढे घरात तो विषय निघाला की जिना चढून वर जायचे. काका रोज पावणेसातच्या गाडीने न्यूयॉर्कला कामावर जात आणि तिथून पाच दहाच्या गाडीने परत येत, पहिल्या डब्यातून, कारण जंक्शनला जिना पहिल्या डब्यासमोर येतो. साडेसहा वाजता ते घरी. म्हणजे काकूंना साडेतीनची गाडी गाठायलाच हवी. ती चुकली की त्यांचं तिकीट चालणारी पुढची गाडी सातनंतरची, आणि घरी पोचेपर्यंत काका दोन तास रिकाम्या घरात बसलेले. लेकीचं घर त्यांना दहानंतर आणि चारच्या आत होतं, तेवढंच.

मी विचारलं, काकांना सांगत का नाही?

"मी खोटं बोलत नाही हं," त्या जरा घाईने म्हणाल्या. "ह्यांनी विचारलं तर सांगेन. ते विचारत नाहीत."

वैदेहीचं बाळ मार्चमध्ये होणार होतं. फेब्रुवारीभर काकू हसतमुखाने दुपटी शिवत होत्या, पण एक प्रश्न त्यांना पोखरत होता आणि तो त्यांनी मला दोन-तीनदा विचारला, जणू मला त्यातलं काही कळतं: कळा सुरू झाल्या आणि घड्याळात तीन वाजले, तर मी उठायचं कसं? माझ्या आईने माझ्या जाण्याच्या दिवशी काय केलं ते मी त्यांना सांगितलं, की ती गाडी हलेपर्यंत माझी बॅग धरून उभी होती. याचा आणि त्यांच्या प्रश्नाचा काय संबंध ते मलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मात्र मान हलवली.

मार्चमधल्या एका मंगळवारी साडेतीनच्या गाडीच्या तिसऱ्या डब्यात काकू नव्हत्या. मी दारातून आत डोकावले, दुसरा डबा पाहिला, चौथा पाहिला आणि खाली उतरले. गाडी माझ्यासमोर निघून गेली. खरं तर त्यात चढायला हवं होतं. थांबून मी काय करणार होते? पण मला निघवेना. चार वाजले, माझंही तिकीट सातपर्यंत निकामी झालं. थंडीत मी नेवार्कच्या फलाटावर बसून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा तिसरा डबा बघत राहिले.

साडेपाचच्या जरा आधी एक खच्चून भरलेली गाडी आली आणि तिसऱ्या डब्याच्या दारातून काकूंनी मला हाक मारली. "चढ लवकर."

मी चढले. त्या दाराशीच उभ्या होत्या, न्यूयॉर्कपासून उभ्याच. केस विस्कटलेले, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर असं काही की मला वाटलं त्या आता हसतील किंवा रडतील. "मुलगी झाली," त्या म्हणाल्या. "दोन वाजून दहा मिनिटांनी. तीन वाजले तेव्हा तिला माझ्याकडे दिलेलं होतं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि नाहीच उठले."

ही काकांची गाडी होती. पाच दहाची. काका पहिल्या डब्यात होते आणि काकूंच्या हातात एका बाजूचं पीकचं तिकीट होतं, त्यांनी आयुष्यात काढलेलं पहिलं.

मी म्हटलं, काकू, घरी गेल्यावर सांगा ना, इथे सगळ्यांसमोर कशाला.

"घरी ते जिना चढून वर जातात," काकू म्हणाल्या. "गाडीत कुठे जाणार? जंक्शन यायला अजून पाऊण तास आहे. चल माझ्याबरोबर, मला एकटीला जमत नाहीये."

कंडक्टर आला. या वेळी मीच आधी सांगितलं, की माझं तिकीट ऑफ-पीकचं आहे, वरचे किती ते घ्या. दोघंतिघं बघत होते, पण मला काही वाटलं नाही. मग आम्ही उभ्या लोकांमधून वाट काढत दुसऱ्या डब्यात आणि तिथून पहिल्या डब्यात गेलो. खिडकीशी एक टक्कल पडलेले, नीटनेटक्या कोटातले गृहस्थ पेपर वाचत होते, शेजारच्या सीटवर त्यांची बॅग होती. इतक्या गर्दीतही तिथे कुणी बसलं नव्हतं. काकू त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वर पाहिलं.

मला वाटलं ते विचारतील, तू इथे कशी? ते म्हणाले, "तुझं तिकीट या गाडीला चालत नाही."

काकू हळू म्हणाल्या, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तुझ्या कोटाच्या खिशात तिकिटांचे तुकडे असतात," काका म्हणाले. "धुवायला तूच देतेस, खिसे मी बघतो."

"आजचं चालतं. दुसरं काढलं." काकूंनी हातातलं तिकीट पुढे केलं. "वैदेहीला मुलगी झाली. दोघी ठीक आहेत."

काकांनी पेपरची घडी केली. मग दुसरी घडी केली. मग शेजारच्या सीटवरची बॅग उचलून मांडीवर घेतली आणि काकू बसल्या. मी मागे सरकून दाराशी उभी राहिले, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं नाही. न्यू ब्रन्सविक स्टेशन गेल्यावर काकांनी एकच काहीतरी विचारलं आणि काकू जंक्शन येईपर्यंत बोलत होत्या, दोन्ही हातांनी, बाळ केवढं ते दाखवत.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. काकांना पहिल्यांदा तिकडे जायला मे उजाडला. ते शनिवारी गेले, कारण शनिवार-रविवारी वेळेचं बंधन नसतं, दिवसभर कुठल्याही गाडीला तेच तिकीट चालतं. डॅनियलशी ते पहिल्या दिवशी हवामानावर आणि दुसऱ्या खेपेला लाकडावर बोलले, असं काकूंनी मला सांगितलं, आणि लाकडावर बरंच बोलले असंही.

दुसऱ्या वर्षी माझं शिक्षण संपलं आणि टेक्सासला प्लेनोमध्ये नोकरी लागली. तिथे सगळे हायवेने जातात, मीही गाडी चालवायला शिकले. अजूनही कुणी काही ठामपणे सांगितलं की मी त्याच्या मागचा बारीक मजकूर शोधते, आणि एखादी नवीन मुलगी कुठे गोंधळून उभी दिसली तर आधी मी जाऊन बोलते. मला ते अवघड जातं, पण जाते.

प्लेनोला निघण्याआधीच्या शनिवारी काकूंनी मला लेकीकडे जेवायला नेलं. काकाही होते. वैदेहीची मुलगी तोपर्यंत धरून धरून चालायला लागली होती. जेवणानंतर ती काकांच्या पोटावर झोपली आणि काका खुर्चीत अवघडून, अजिबात न हलता बसून राहिले. मला सामान बांधायचं होतं, म्हणून संध्याकाळी मी उठले. काकूंना म्हटलं, निघायचं ना? काकूंनी पर्स उघडली, वेळापत्रक बाहेर काढलं, तेवढ्यात काकांनी झोपलेल्या मुलीच्या डोक्यावरून त्यांना बोटानेच खूण केली, कोपऱ्यातल्या बॅगेकडे.

काकूंनी बॅग उघडून आत पाहिलं आणि तशीच बंद केली. मला सोडायला त्या चार मजले उतरून खाली रस्त्यापर्यंत आल्या. माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला, पोचल्यावर फोन कर म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "तू हो पुढे. आम्ही आज राहतोय. ह्यांनी दोन टूथब्रश आणलेत. मला आत्ता कळलं."