हायवे सोडताना घेतलेले टायर

आमच्या घरात सायकलीचं वेड आणलं ते माझ्या धाकट्या जावेनं. ती नागपूरची. लग्न होऊन लाखनीत आली तेव्हा सामानाच्या गाडीतून कपाटासोबत वाकड्या हँडलची एक सायकलही उतरली आणि शेजारच्या बायका पाहायला दारात आल्या. पुढे ती इथल्या एका शाळेत खेळ शिकवायला लागली. मी त्या वेळी चाळिशी ओलांडली होती. दुपारी आमच्या भांड्यांच्या दुकानात बसायचं, बाकी वेळ घर, असं माझं चाललं होतं. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि सकाळी डबा करायचं कामच उरलं नाही. एके दिवशी जाऊ म्हणाली, चला ताई, मुलीची सायकल तशीच पडून आहे. मी गेले.

वर्षभरात मलाही वाकड्या हँडलची सायकल आली. नागपुरातल्या कोणी तरी हौसेनं घेतलेली आणि फारशी न वापरलेली. तिचे टायर बारीक होते, पण चाकाभोवती जागा बरीच होती. उजाडायच्या आधी आम्ही दोघी हायवेनं साकोलीच्या बाजूला निघायचो. चौपदरी गुळगुळीत रस्ता, बारीक टायरची एकसारखी गुणगुण, आणि पुढे जावेच्या पाठीवरचं पिवळं जॅकेट. त्या वेगाचं सुख मी याआधी कधी घेतलं नव्हतं. घरात, दुकानात, लग्नकार्यात मी सगळ्यांना सांभाळून चालणारी बाई. सायकलवर मात्र श्वास लागेपर्यंत पायडल मारत होते आणि कोणी अडवत नव्हतं.

मग थंडीत एका सकाळी मी पडले. धुकं होतं. मागून ट्रक आला, हॉर्न वाजला, मी डावीकडे सरकले. डांबर जिथं संपतं तिथं गिट्टी विखुरलेली होती. पुढचं चाक तिच्यावरून आडवं सरकलं आणि मी खांद्यावर आपटले. ट्रक मला शिवलाही नव्हता. तो आपल्या वाटेनं निघून गेला. जाऊ बरीच पुढे गेली होती. एका दूधवाल्यानं मोटरसायकलवरून जाऊन तिला सांगितलं तेव्हा ती परत आली. माझं गळ्याखालचं हाड मोडलं होतं.

हात गळ्यात बांधून मी घरी आले त्याच दिवशी आमच्या ह्यांनी सायकल गोदामात नेऊन आकड्याला टांगली. मला काही बोलले नाहीत. आमच्या घरात नाही म्हणायचं असलं की असंच म्हणतात.

हाड जुळलं. मी परत पोळ्या लाटू लागले, दुकानातली गंज-पातेली आणि परातींची चळत उचलू लागले. पण स्कूटरवर यांच्या मागे बसलेली असताना ट्रक जवळून गेला की माझं अंग आपोआप आत ओढलं जायचं. मी यांचा शर्ट घट्ट धरायचे. हे त्यांनाही सांगितलं नाही आणि जावेलाही नाही. ती रोज सकाळी एकटी हायवेला जात होती. आल्यावर मी तिला चहा द्यायची आणि कुठपर्यंत गेली ते विचारायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका लग्नाची पत्रिका द्यायला आम्ही नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्यानं एका खेड्यात गेलो. नहराच्या काठानं मुरमाचा रस्ता, दोन्हीकडे धानाच्या बांध्या, एक म्हातारा बकऱ्या घेऊन चाललेला. ट्रकचा मागमूस नव्हता. स्कूटरवर मागे बसल्याबसल्या माझ्या मनात आलं, इथं तर मी सायकल चालवू शकते.

दुसऱ्याच दिवशी मी ती आकड्यावरून काढली आणि निघाले. बारीक, टणक टायर मुरमावर नुसते उडत होते. मनगटं दुखली, दात वाजले. बाभळीखालून जाताना काटा रुतून पुढचं चाक बसलं. ट्यूब बदलली, तर थोड्याच अंतरावर मागचं गेलं. सायकल ढकलत घरी आले तेव्हा हे दुकानाच्या पायरीवर उभे होते. मी सांगितलं, रोडवर नव्हते गेले, नहरावर गेले होते. त्यांनी चाकाकडे पाहिलं. अंगठ्यानं टायर दाबून म्हणाले, "मंग टायर बदल. हे टायर तिकडले नोहेत."

परवानगीच होती ती.

त्यानंतरच्या दुपारी मी दुकानात मोबाइलवर टायर पाहत बसायची. गिऱ्हाईक आलं की फोन उलटा ठेवायची. सगळे व्हिडिओ परदेशातले. उंच झाडांच्या जंगलातून, छान एकसारख्या खडीवरून लोक चाललेले. आमच्याकडचा मुरूम उन्हाळ्यात वरून सुटतो आणि बारीक गोट्यांसारखा चाकाखालून पळतो. पावसात तोच साबणासारखा होतो. नहराच्या रस्त्यावर मधेमधे गिट्टी टाकलेली. शेताकडे वळलं की काळी चिखलट माती. आणि दर दोन गावांमध्ये डांबराचा एक तरी तुकडा असतोच. मोठ्या गाठींचे टायर घ्यावेत तर डांबरावर घरघर करत मागे ओढणार. गुळगुळीत घ्यावेत तर मुरमावर घसरणार. शेवटी मी असे पसंत केले की मधला पट्टा जवळजवळ सपाट, त्यावर बारीक दाणे, आणि कडेला छोट्या गाठी. सरळ जाताना मधला भाग चालतो, वळताना कडेच्या गाठी जमीन धरतात.

ट्यूबलेस घ्यायचे हे तर बाभळीनंच ठरवून दिलं होतं. त्यात ट्यूब नसते, टायरच्या आत पांढरं लिक्विड असतं, काटा रुतला की ते भोक आपोआप बुजवतं. शिवाय हवा कमी ठेवता येते. आत ट्यूबच नाही म्हटल्यावर दगडावर आपटून ती चिमटण्याची भीती नाही, आणि हवा कमी असली की टायर दगडाला दबून जातो, उडत नाही.

राहता राहिली रुंदी. तिथं माझं आणि जावेचं जुळेना. ती म्हणत होती पस्तीसचे घ्या, म्हणजे पस्तीस मिलिमीटर रुंदीचे, दोन्हीकडे चालतील. मला सायकलीत मावतील तेवढे जाड हवे होते. मी चाक आणि सायकलीचा दांडा यांच्यामधल्या फटीत पेन्सिल सरकवून पाहायची, किती जागा उरते त्याचा अंदाज घ्यायची. नागपूरचे टायरवाले फोनवर म्हणाले, पंचेचाळीसचे बसतात. जाऊ म्हणाली, बसतील, पण चिखल कुठं जाईल? त्यालाही जागा लागते, नाही तर चाक जाम होईल. ते खरं होतं. मी बेचाळीसवर आले. त्याच्या खाली मात्र उतरले नाही.

टायर नागपूरहून आले. एका रविवारी दोघी अंगणात बसलो. रिमच्या आतून टेप चिकटवली, व्हॉल्व लावला, टायर चढवताना बोटं सोलवटली. लिक्विड ओतून जाऊ पंप मारायला लागली, पण टायरची कडा रिमला बसेचना. एका बाजूनं हवा भरावी तर दुसऱ्या बाजूनं फुसफुस करत निघून जायची आणि पांढरे शिंतोडे तिच्या ड्रेसवर उडायचे. शेवटी ती पंप सोडून फरशीवर बसली.

"ताई, तुमी एवढे जाड टायर काहून घेतले, मले समजून राहिलं," ती म्हणाली. "तुमाले रोडवर यायचंच नाही आता."

मी हाताला लागलेलं लिक्विड पुसत होते. ते चिकट होतं आणि निघत नव्हतं.

"नाही यायचं," मी म्हणाले. "मले भेव लागते."

इतक्या महिन्यांत हे मी पहिल्यांदा उच्चारलं. बोलल्यावर फार काही झालं नाही. जावेनं फरशीवरचे पांढरे थेंब बोटानं पुसले. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी जोरात जाऊन राहिली होती. तुमी मागं पडल्या ते मले माहीत होतं. ते मले चांगलं वाटून राहिलं होतं. म्हणून मी मागं पाहिलं नाही."

मला त्याचं वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल. क्षणभर वाटलंच. पण या घरात माझ्याशी कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं. आणि धाकटी जाऊ म्हणून येऊन, सगळ्यांच्या मागे उभं राहायची सवय करून घेताना, कुठं तरी पुढे असावं असं तिलाही वाटलं असेल, हे मला कळत होतं. मीही या घरात नवी होते कधीकाळी.

"तू पुढं दिसत होती म्हणून त मी रोज निघत होती वं," मी म्हणाले. "नाही त कोन उठते एवढ्या थंडीत."

ती रडली नाही. नाक पुसलं, त्यानं गालाला पांढरं लागलं, आणि उठून चाकं उचलली. हायवेच्या कडेला ट्रकचे टायर काढणारं एक दुकान आहे, तिथं आम्ही दोन्ही चाकं घेऊन गेलो. दुकानदार एका ट्रकच्या चाकाशी झटत होता. त्यानं आमचं चाक तळहातावर फिरवून पाहिलं आणि कॉम्प्रेसरची नळी लावली. एकदम हवा आत गेली, फाट फाट असे दोन आवाज झाले आणि कडा चारी बाजूंनी बसली. मी दचकून मागे सरकले. त्याला म्हणे आवाजावरूनच कळतं बसलं की नाही.

मग मी नहरावर जाऊ लागले. हवा किती ठेवायची ते शिकायला काही आठवडे गेले. फार कमी झाली की सायकल वळणावर लोळल्यासारखी वाटायची, जास्त झाली की पुन्हा मुरमावर उडायची. एकदा पुढच्या चाकात काटा रुतला. पांढऱ्या थेंबांची एक चक्री फिरताना दिसली, सूं सूं आवाज आला आणि थांबला. मी पुढे निघाले. बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, पाळीवरून, पांदणीतून, रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बायकांच्या शेजारून मी जात होते. त्या सरळ होऊन पाहायच्या, एखादी विचारायची, कुठं चालली बाई? मी म्हणायची, अशीच.

पण वेग गेला होता. डांबरावर आले की टायरचं जडपण पायांना कळायचं. ती गुणगुण नव्हती, आणि पुढचं पिवळं जॅकेट नव्हतं. सकाळी दोघी एकाच वेळी सायकल काढायचो, कोपऱ्यापर्यंत सोबत जायचो आणि तिथून ती हायवेकडे, मी नहराकडे. बेचाळीसचे टायर घेताना मी हे मोजलं नव्हतं. काट्यांचा, गिट्टीचा, चिखलाचा विचार केला. सोबतीचा केला नाही.

दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर, मी माहेरी सायकलनं जायचं ठरवलं. माझं माहेर नाकाडोंगरीला, जंगल आणि मॅंगनीजच्या खाणींच्या बाजूला. आई तिथं भावाकडे असते. जाऊ म्हणाली, मीपण येतो. मी म्हटलं, तुझे टायर फाटतील. तर तिनं तिच्या सायकलीत मावणारे जास्तीत जास्त रुंद, बत्तीसचे, आधीच मागवून ठेवले होते. मला सांगितलं नव्हतं.

आतल्या रस्त्यांनी आम्ही निघालो. डांबर आलं की ती पुढे जायची आणि पुढच्या फाट्यावर पाण्याची बाटली हातात धरून उभी राहायची. मुरूम आला की मी पुढे जायची आणि झाडाखाली थांबायची. ती दात-ओठ खात, हँडल घट्ट धरून यायची. एका ठिकाणी वाळू होती, तिथं ती उतरून चालली. कोणी कोणाला घाई केली नाही.

तुमसरच्या पुढे मात्र आतला रस्ता नव्हता. खाणीतला माल वाहणाऱ्या टिप्परचा रस्ता होता, अरुंद, आणि कडेला काळपट धूळ. पहिला टिप्पर समोरून गेला आणि मी पाय टेकून उभी राहिले. हात हँडलवरून सुटेनात. जाऊ जवळ आली. तिनं मला समजावलं नाही. म्हणाली, "तुमी पुढं चला. मी मागं राहतो."

मी निघाले. मागून हॉर्न वाजला. मी डावीकडे सरकले, डांबराची कडा संपली, चाक खाली मुरमात उतरलं. टायर थोडा दबला, खडा कचकन वाजला आणि सायकल सरळ चालत राहिली. टिप्पर गेल्यावर मी पुन्हा वर डांबरावर आले. असं किती तरी वेळा झालं. भीती गेली नाही. प्रत्येक हॉर्नला पाठ ताठ होत होती. पण मागून जाऊ दर वेळी सांगत होती, "येऊन राहिला, उतरा," आणि मी उतरत होते.

आईनं आम्हाला अंगणात पाहिलं तेव्हा तिला वाटलं गाडी कुठं तरी बंद पडली. मी म्हटलं, गाडी घरी आहे, आम्ही सायकलनंच आलो. तिनं माझ्या तोंडावरची काळी धूळ पदरानं पुसली, जावेचीही पुसली, आणि आत भात टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी भावानं विचारलं, सायकली पिकअपमध्ये टाकू का. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हो म्हटलं.

परवा सायकल धुताना मी टायर नीट पाहिले. मधला दाणेदार पट्टा घासून गुळगुळीत झाला आहे आणि कडेच्या गाठी बऱ्यापैकी शाबूत आहेत. म्हणजे मला वाटत होतं त्यापेक्षा मी डांबरावर जास्त चालले आहे. नवे घ्यावे लागतील. जाऊ पाइप धरून शेजारी उभी होती. तिनं विचारलं, आता कितीचे घेता? मी अजून ठरवलेलं नाही.