सुनेला चाललेली किडनी

मखमलाबादच्या नवसाबाई बोलून मोकळ्या होणाऱ्या. मेथीच्या जुड्या विकताना घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला जसं सुनावत, तसंच सुनेलाही. सून पूजा मात्र ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तिनं गंगापूर रोडला पार्लरमध्ये काम धरलं आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं ‘जेवण झाकून ठेवलंय’ आणि ‘गॅस संपलाय’ एवढ्यावर आलं. घरात भांडण नव्हतं, पण गोडीही नव्हती.

नात सृष्टी शाळेत जायला लागली त्या वर्षी पूजाचे पाय सुजायला लागले. दिवसभर उभी असते म्हणून असेल, असं सगळ्यांनी धरलं. तपासण्या झाल्या तोवर दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. दवाखान्याच्या फेऱ्या आणि डायलिसिस मागे लागलं. पूजाची आई आधीच गेलेली, वडिलांना शुगर. नवसाबाईंचा मुलगा योगेश म्हणाला, मी देतो किडनी. त्याचा रक्तगटही चालत होता.

पण शेवटच्या तपासणीत अडलं. योगेशच्या रक्तातल्या पेशी पूजाच्या रक्तात मिसळून पाहिल्या, तर तिच्या रक्तानं त्या मारून टाकल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बसवून कारण सांगितलं. सृष्टी पोटात असताना तिच्यातला बापाचा अंश पूजाच्या शरीराला परका वाटला होता आणि त्याच्याविरुद्ध रक्तात हत्यारं तयार झाली होती. ती अजून तशीच होती. योगेशची किडनी बसवली असती, तर ती टेबलावरच काळी पडली असती.

योगेश बाहेर जाऊन जिन्यात बसला. नवसाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. माझं रक्त बघा, म्हणाल्या. मुलाचं चालत नाही तिथं आईचं चालण्याची आशा कमी, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पण तपासायला हरकत नव्हती.

अहवाल आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरूनच कळलं, जुळलंय.

“योगेशमध्ये अर्धं तुमचं आहे, अर्धं त्यांच्या वडिलांचं,” त्या म्हणाल्या. “त्यातलं सृष्टीकडे आलंय ते आजोबांचं. पूजाचं रक्त त्याच्यावर उठतं. तुमच्यावर नाही.”

नवसाबाईंचे मालक लहानू जाऊन बरीच वर्षं झाली होती. नात आजोबांच्या वळणावर गेलीय असं भावकी नेहमी म्हणायची. ते रक्तापर्यंत खरं असेल, असं नवसाबाईंना वाटलं नव्हतं.

कायद्याला सासू ही सुनेची जवळची नातेवाईक वाटत नाही, म्हणून दोघींना अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढं जावं लागलं. मुलानं गळ घातली का, कुणी पैसे द्यायचं कबूल केलंय का, असं तिथल्या साहेबांनी फिरवून फिरवून विचारलं. पूजा शेजारच्या खुर्चीत खाली मान घालून बसली होती.

“दबाव कोण आणतंय, साहेब? आमचं दोघींचं पटत नाय, हे गावाला ठाऊक हाय,” नवसाबाई म्हणाल्या. “पण नातीला आई पाहिजे. आन् मलाबी ही घरात पाहिजे.”

पूजानं त्यांच्याकडं पाहिलं. असं काही ती सासूच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होती.

ऑपरेशन नीट झालं. किडनी लगेच कामाला लागली, पूजाच्या चेहऱ्यावर तेज आलं. नवसाबाईही काही महिन्यांत वाफ्यात खुरपं घेऊन बसू लागल्या. आणि मग नेहमीच्या तपासणीत एकदा पूजाच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं निघालं. सुईनं किडनीचा तुकडा काढून पाहिला. शरीर ती नाकारायला लागलं होतं.

नवसाबाईंना ते जिव्हारी लागलं. देताना आपल्या मनात काही कमी राहिलं का, असं त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलंसुद्धा.

“शरीर मन बघत नाही, मावशी,” बाई म्हणाल्या. “तुमची किडनी चांगली आहे. पूजानं एक गोळी चुकवलेली नाही. शरीराचे राखणदार कधीच पुरते झोपत नाहीत. गोळ्यांनी आपण त्यांना गुंगीत ठेवतो. या वेळी ते जागे झाले. पण वेळेत कळलंय.”

सलाइनमधून जोरकस औषधं सुरू झाली. पूजा कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडली होती.

“आई, ही गेली तर तुमचं उगाच गेलं,” ती म्हणाली.

“दिली तवाच तुझी झाली ती. आता माझं-तुझं करू नको. ऊठ, पाणी पी.”

पूजा उठून बसली. तिनं पेला हातात घेतला, तो नवसाबाईंनी खालून धरला.

आठवडाभरात आकडे उतरू लागले. अगदी पहिल्यासारखे झाले नाहीत, पण एका जागी टिकले. गोळ्या वाढल्या आणि त्या जन्मभर राहणार होत्या. सर्दी-पडशाच्या माणसापासून लांब राहायचं, कच्चं काही खायचं नाही. काकडीच्या कोशिंबिरीवरून घरात पुन्हा खडाजंगी होऊ लागली, आणि योगेशला ती ऐकून बरं वाटू लागलं.

हिवाळ्यात सृष्टीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. पूजा मास्क लावून आली, ऑपरेशननंतर गर्दीत बसायची तिची ही पहिलीच वेळ. मागच्या रांगेतला एक गृहस्थ सारखा खोकत होता. नवसाबाईंनी दोनदा वळून पाहिलं, मग उठून त्याला पार दरवाजापाशी नेऊन बसवलं. तो कुरकुरला, पण गेला. पूजा लाजून हळूच म्हणाली, “आई, लोक बघतायत.”

“बघू दे,” नवसाबाई म्हणाल्या. पडदा वर गेला आणि दोघी स्टेजवरच्या मुलांच्या रांगेत सृष्टीला शोधू लागल्या.