मायेनं पडणारी माणसं

"मी काऊन पडू? हिनं मले पाडलंच नाई!" सुनीताची आई म्हणाली आणि लेकीचं मनगट धरून तशीच उभी राहिली.

बोरगाव मेघेच्या विहारातल्या हॉलमध्ये माझा सकाळचा क्लास चालू होता. मी आयकिडो शिकवते. जपानी विद्या आहे. समोरच्याला मारायचं नाही, त्याचाच जोर वळवून त्याला खाली बसवायचं. त्यासाठी आधी आपलं मन बसावं लागतं, म्हणून रोज डोळे मिटून नुसतं बसायचं. तेव्हा डोक्यावरचा पंखाही लांब कुठेतरी फिरत असल्यासारखा वाटतो. खरं सांगते, मला उठावंसंच वाटत नाही.

सुनीता एसटीत कंडक्टर. देवळीच्या गाडीत एका दारुड्याने तिचा हात धरला आणि सोडेचना. गाडी भरलेली, पण कोणी उठलं नाही. तेव्हापासून ही रजेवर. ती रजा उद्या संपत होती. पोरीला परत पाठवायचं की राजीनामा द्यायला लावायचा, हे ठरवायला आई आली होती.

"ताई, बाकीचे तर सगळे पडतात ना!" सुनीता रडकुंडीला आली.

तिथेच तर गोम होती. आमच्यात हल्ला करणाऱ्याला उके म्हणतात. नीट पडणं हाही त्याचा अभ्यास. पण सुनीतावर सगळ्यांची माया. तिने हात फिरवला रे फिरवला की माझे उके धपाधप लोळायचे. मलाही बघायला गोड वाटायचं. गोड कसलं, डोंबल! पोरीला काही येतच नव्हतं.

असा संताप आला म्हणता! पण ओरडून काय होणार? म्हटलं, "बसा सगळे. डोळे मिटा."

आई मनगट न सोडताच बसली.

खिडकीतलं ऊन मॅटवरून सरकत होतं. बाहेर कोणाच्या तरी अंगणात झाडू चालला होता, तोही हळूहळू ऐकू येईनासा झाला. मायलेकींचे श्वास एका लयीत आले. किती वेळ गेला, देव जाणे.

"सुनीता," मी हळूच म्हटलं, "हात ओढू नको. तो तिच्यापाशीच राहू दे. गाडीत तुले कुठं जायचं असते?"

"मागच्या सीटकडं."

"मग जा ना."

दोघी उठल्या. सुनीता आईच्या बाजूला वळली, आई बघत होती तिकडेच तोंड केलं आणि चालू लागली. याला तेनकान म्हणतात. आई झोपेत चालल्यासारखी तिच्यामागे गेली, वळली आणि अलगद मॅटवर टेकली.

"अवं माय!" ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मग डोळे पुसत उठली आणि मनगट आणखी घट्ट धरलं. "पुन्हा कर."

ऊन चढेपर्यंत त्यांचं तेच चाललं.

रजा संपली. सुनीता ड्यूटीवर गेली. आठवड्याभरात तिचा फोन आला.

"ताई, आज एकानं हात धरला."

"मग?"

"मले रागच नाई आला. वळली. थो सीटवर बसला. त्याले तिकीट देल्लं अन् डबल बेल मारली."

आता माझ्या क्लासमध्ये मायेनं पडायला बंदी आहे. माया असेल तर हात घट्ट धरा.