उन्हात घातलेल्या तबकड्या

पोस्टात पार्सलावर लाख वितळवतात, त्या वासाने मला लग्नानंतरचा रत्नागिरीतला पहिला आश्विन आठवतो. पावसाळ्यात सासऱ्यांच्या नाट्यपदांच्या, लाखेच्या ग्रामोफोन तबकड्यांवर बुरशी आली होती. मी त्या पुसून अंगणात वाळत घातलेल्या भाताशेजारी मांडल्या. दुपारी बघते तर पापडासारख्या वाकलेल्या! बोलपट आले होते, नाटक मंडळ्या बंद पडत होत्या. मुंबईहून बोटीने आणवलेल्या त्या तबकड्या पुन्हा मिळणाऱ्या नव्हत्या. मी रडत सासूबाईंकडे गेले. "रडतेस काय गो? ज्या उन्हाने वाकल्या, तेच ऊन सरळ करील," म्हणत त्यांनी दोन पाटांमध्ये तबकड्या घातल्या आणि वर जांभ्याचा चिरा ठेवला. ऊन उतरल्यावर त्या तशाच सावलीत निवू दिल्या. संध्याकाळी सासरे कचेरीतून आले आणि त्यांनी नेमकी त्यातलीच एक लावली. सुई जराशी वरखाली झाली आणि पद सुरू झालं. डोळे मिटून ऐकत ते म्हणाले, "आज आवाज कसा स्वच्छ येतोय हो!" बुरशी गेली होती ना! सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसलो. आज वाटतं, त्या घरात मी सून म्हणून नव्हे, त्यांची म्हणून राहायला लागले ती त्या हसण्यापासून.