सरांच्या खोक्यांची पहिली वाचक

आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राचे सर निवृत्त झाले, तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्यांचे कागद मागून, खोक्यांत भरून नेले. देशोदेशींच्या परिषदांतली व्याख्यानं, टिपणं, फोटो. टेम्पो गेला तेव्हा सरांची मान ताठ झाली होती. बायको म्हणाली, "चला, माळा मोकळा झाला."

काही वर्षांनी ग्रंथालयातल्या जुन्या कागदांच्या विभागातून तिथल्या बाईंचा फोन आला. "सर, तुमची खोकी अजून कुणी मागितलेली नाहीत. जागा पुरत नाही. शहराबाहेरच्या गोदामात हलवतोय."

सरांनी घरात चकार शब्द काढला नाही. गुपचूप मेहुणीला गाठलं. ती निवृत्त नर्स, तोंडाने फटकळ, पण मनाची भोळी. "फक्त जाऊन खोकी माग. कुणीतरी वाचतंय म्हटल्यावर ठेवतील."

मेहुणी गेली आणि परतली ती चपलांसकट दारातच उभी राहिली. "भावोजी, त्या बाईंनी मला खिडकीजवळचं टेबल पुसून दिलं. पहिल्याच वाचक म्हणून किती कौतुक! कशावर अभ्यास करता म्हणाल्या. मी म्हटलं, व्यापारावर. कसल्या, त्यांनी विचारलं. मला धड थापही मारता येईना. पुन्हा असलं काम सांगू नका."

बायको आतून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी ग्रंथालयात जाऊन बाईंसमोर सगळं कबूल केलं. बाई हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "खोकी जाणारच, सर. आलाच आहात तर फोटोंमागे नावं लिहून द्या."

मंत्र्यांची, प्राध्यापकांची नावं सरांनी भराभर लिहिली. मग पेन थांबलं. एकामागून एका फोटोत सरांच्या खांद्याशी वाकलेली तीच एक स्त्री होती.

"या कोण?"

"दुभाषी. वर्षानुवर्षं माझंच बोलणं लोकांना सांगायच्या."

"नाव?"

सरांचे कान तापले. त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले. एक म्हणाला, "आता कशाला हवंय?" शेवटी परिषदांच्या कार्यालयातल्या जुन्या टायपिस्टकडून त्या दुभाषींच्या घरचा नंबर मिळाला. फोन त्यांच्या मुलीने घेतला. सरांनी ओळख सांगितली. पलीकडे मुलगी आईला मोठ्याने सांगताना ऐकू आली.

"आईला आता नीट ऐकू येत नाही. पण ती म्हणतेय, तुम्ही फार भरभर बोलायचात. तिला पाणी प्यायलाही उसंत मिळायची नाही."

"खरंय," सर म्हणाले. पेन उचलून त्यांनी विचारलं, "त्यांचं पूर्ण नाव सांगता? सावकाश सांगा. लिहून घेतोय."

त्याच आठवड्यात, फोटोंमागे तेही नाव घेऊन, खोकी गोदामात गेली. सर पोचवायला गेले नाहीत.